शेजारणीचे लुगडे

माझी सारी नोकरी भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत झाली. तिथे कुंपणांच्या कडेने रुई माजते, आणि पावसाळा सरता सरता तिच्याभोवती काळ्या टोकांची नारिंगी फुलपाखरे हिंडू लागतात. रुईच्या चिकातले विष त्यांच्या सुरवंटाच्या अंगी मुरते. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही.

आता गंमत पाहा. त्यांच्यातच एक परकी बाई मिसळलेली असते. तिचा नवरा काळा, पंखांवर ठसठशीत पांढरे ठिपके असलेला. ही मात्र शेजारणीचे लुगडे नेसून निघालेली! पक्षी फसतात. अ‍ॅमेझॉनच्या रानातल्या अशा सोंगांचा उलगडा हेन्री बेट्स या इंग्रजाने १८६२ मध्ये केला.

तरुणपणी मीही एका सोंगाचा उलगडा केला होता. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले. पुढे कारखान्याच्या हस्तलिखित दिवाळी अंकात मी चार पाने भरून ठरवून टाकले, की ही ‘किंग लिअर’ची नक्कल आहे. म्हाताऱ्याने सारे पोरांना वाटून टाकायचे आणि मग दारोदार व्हायचे. दुसरे आहे काय? लेख वाचून आमच्या घरातून एकच प्रश्न आला : “अहो, पण त्या लिअरला बायको कुठे आहे?” मी तो हसण्यावारी नेला.

आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले, देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’. तिथे वेष मराठी, देह शेक्सपिअरचा. शिरवाडकरांनी उलटे केले, हे मला कळायला फार वर्षे लागली. वेष लिअरचा खरा. पण आत बेलवलकर, आणि त्यांच्या जोडीला कावेरी. त्या फुलपाखराच्या मादीचेही असेच. तिचा सुरवंट रुईला तोंड लावत नाही. आपण जिची भाजी करतो ना, त्या घोळीवर तो वाढतो.

गेल्या दिवाळीत चिंचवडच्या घरी मी एकटाच होतो. ‘नटसम्राट’ पुन्हा वाचायला घेतले. कावेरी जाते, आणि ‘सरकार’ म्हणून हाक मारायला बेलवलकरांना कोणी उरत नाही, तिथे पुस्तक मिटून ठेवावे लागले. मग माळ्यावरून तो जुना अंक काढला. माझ्या चार पानांत कावेरीचे नाव एकदाही आलेले नाही.