अरुंद अक्षरांची देवनागरी

जागा कमी, मजकूर मोठा आणि अक्षर लांबून दिसायला हवे, ही मराठी मथळ्यांची आणि नाटकांच्या जाहिरातींची जुनी अडचण. कमल शेडगे यांच्यासारखे अक्षरकार ती हाताने सोडवत. कुठे काना आखडायचा, कुठे वेलांटी ताणायची, हे त्या शब्दापुरते ठरे. फॉन्टला ही मुभा नसते. पुढे येणारा प्रत्येक शब्द त्याला आधीच गृहीत धरावा लागतो.

म्हणून इंडियन टाइप फाउंड्रीचे 'टेको' आणि 'खंड' हे २०१४चे दोन मोफत फॉन्ट मला महत्त्वाचे वाटतात. दोन्ही मथळ्यांसाठीचे, अरुंद, जवळपास एकाच जाडीच्या रेषेचे. टेकोत गोलाई फारशी उरलेलीच नाही, वळणांच्या जागी कोपरे घासलेले चौकोन आहेत. खंड त्यामानाने मवाळ आहे, अक्षरांच्या पोटातली पोकळी तो मोकळी ठेवतो.

रोमन अक्षर अरुंद करताना गोल 'ओ'च्या बाजू सरळ केल्या की बरेचसे काम होते. देवनागरीत उभे दंड मुळातच दाटीने येतात. 'स्वातंत्र्य' घ्या. व, काना, त आणि य मिळून चार दंड, मध्ये 'त्र्य'ची गुंतागुंत, वर अनुस्वार. रुंदी घटली की दंडांची जाळी दिसू लागते आणि ज्या वळणांवरून अक्षर ओळखायचे ती त्या जाळीत चेपतात. घ आणि ध यांतला मुख्य फरक शिरोरेषेतल्या फटीचा, भ आणि म यांचाही तसाच. जाड वजनात ती फट बुजली, तर डोळा अडखळतो.

शिवाय आडवी वाचवलेली जागा उभी खर्ची पडते. वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतला रफार एकमेकांना भिडू नयेत म्हणून ओळींत अंतर ठेवावेच लागते. त्यामुळे टेको मला धावफलकावर, आकड्यांत, एक-दोन शब्दांच्या शीर्षकात आवडतो. तिथे त्याचा ताठपणा शोभतो. तीन ओळींच्या मथळ्याला मी खंडच निवडेन. चौकोनी वळण म्हणजे आधुनिक, अशा समजुतीने टेकोसारखी अक्षरे लग्नपत्रिकेपर्यंत पोचतात, ते मात्र खटकते. तिथे ना जागेची टंचाई असते, ना लांबून वाचण्याची गरज.

मराठीची वेगळी तक्रारही आहे. आपल्या वळणाचे ल आणि श एखाद्या फॉन्टमध्ये असले, तरी मजकुराची भाषा मराठी निवडली नाही तर बहुधा हिंदी वळणाचीच अक्षरे उमटतात. घाईत फ्लेक्स करणारा ही निवड क्वचितच करतो. म्हणून अरुंद फॉन्टच्या नमुन्यात ही अक्षरे आणि मराठीचा अर्धा ऱ असलेले 'कुऱ्हाड', 'दऱ्या', 'शिल्लक' असे शब्द सर्वांत जाड वजनात, दोन ओळींत लावून दाखवावेत. मराठी संपादकाला निवड करायला सुट्या बाराखडीपेक्षा तेवढा नमुना अधिक उपयोगी पडेल.