हिरव्या खुणेपलीकडे

मालेगावच्या यंत्रमागावर आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. सगळे कापड विणून झाल्यावर दोष कळून उपयोग काय? शिकण्याचेही तसेच आहे. वार्षिक परीक्षेत उघड झालेली चूक सुधारायला वेळ उरलेला नसतो. विद्यार्थ्याला आपण कोठे आहोत आणि पुढे काय करायचे हे शिकता शिकताच कळावे, यालाच शिक्षणशास्त्रात प्रत्याभरण म्हणतात. आकारिक मूल्यमापनाचा गाभाही हाच.

हे काम ऑनलाइन साधनांवर सोपवण्याचा मोठा प्रयोग आपल्या राज्यात झाला. शाळा बंद असताना, नोव्हेंबर २०२० मध्ये, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 'स्वाध्याय' हा व्हॉट्सॲपवरील साप्ताहिक प्रश्नसंच सुरू केला. पुढे उर्दू माध्यमाचीही सोय झाली, हे मालेगावसारख्या गावात महत्त्वाचे. आज अनेक शिक्षक गूगल फॉर्मवर स्वतःच चाचण्या तयार करतात. उत्तर लगेच तपासले जाते आणि वह्यांचा ढीग कमी होतो. हे लाभ खरेच आहेत. पण माग नुसता थांबतो, धागा जोडायला कारागीरच लागतो. ही साधने धागा जोडतात का?

एक प्रश्न घेऊ. ०.४, ०.३५ आणि ०.१२५ यांत सर्वांत मोठी संख्या कोणती? काही मुले ०.१२५ निवडतात, कारण १२५ हा आकडा मोठा दिसतो. यंत्र 'चूक' म्हणते, का ते सांगत नाही. याहून फसवा प्रकार दुसराच. काही मुलांना वाटते की दशांशचिन्हानंतर अंक जितके कमी तितकी संख्या मोठी. ती ०.४ निवडतात आणि हिरवी खूण मिळवतात! चुकीच्या समजुतीला यंत्राने शाबासकी दिली. त्यांनाच ०.३ आणि ०.४५ यांतली मोठी संख्या विचारा. ती ०.३ म्हणतील आणि गोंधळ बाहेर येईल. म्हणजे दोष यंत्रापेक्षा प्रश्नाच्या रचनेत अधिक आहे.

गुणांचेही तेच. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्रायलमधील १३२ विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. काहींना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरे, काहींना दोन्ही. प्रगती दिसली ती फक्त शेरे मिळालेल्यांची. गुण सोबत आले की शेऱ्याचा परिणाम पुसला गेला. क्लुगर आणि डिनिसी यांनी १९९६ मध्ये ६०७ परिणाम एकत्र तपासले, तेव्हा एक-तृतीयांशाहून अधिक वेळा प्रत्याभरणाने कामगिरी उलट घसरल्याचे आढळले. मोबाइलच्या पडद्यावर '१० पैकी ४' असा आकडा आधी झळकत असेल, तर खालचा शेरा वाचतो कोण?

म्हणून ही साधने टाकून द्यावीत, असे आम्ही म्हणत नाही. ती शहाणपणाने वापरावीत. प्रत्येक चुकीचा पर्याय एखाद्या ठरावीक गैरसमजातून आलेला असावा. गूगल फॉर्ममध्ये निवडलेल्या पर्यायानुसार विद्यार्थ्याला वेगवेगळ्या विभागात पाठवता येते. ०.१२५ निवडणाऱ्याला तेथे दहा आणि शंभर घरांच्या चौकटी रंगवायला सांगता येतील. गुण लगेच न दाखवण्याची सोयही आहे. शेरा वाचून दुसरा प्रयत्न झाला की मगच ते दाखवावेत.

आणि फोन? ज्या घरात एकच फोन आहे आणि तो पाळीवर गेलेल्या वडिलांच्या खिशात आहे, तेथे 'तत्काळ' या शब्दाला अर्थ राहत नाही. अशा मुलांसाठी हेच दोन प्रश्न फळ्यावर लिहावेत आणि उत्तरे कागदाच्या चिठ्ठीवर घ्यावीत. तास संपण्यापूर्वी पाच मिनिटांत कोणाचा धागा कोठे तुटला ते कळते. गुणांचा तक्ता यंत्राने खुशाल करावा. 'हे उत्तर तू कसे काढलेस?' एवढे मात्र आपणच विचारायला हवे.