क्षयरोग्यांतील नैराश्य आणि उपचारांची फलनिष्पत्ती : एका अनुमानाची समीक्षा

क्षयरोग्याच्या मनःस्थितीविषयी वैद्यकाने काळानुसार परस्परविरोधी मते बाळगलेली आहेत. क्षयी मनुष्य अखेरपर्यंत विलक्षण आशावादी राहतो, हा समज जुन्या पाश्चात्त्य वैद्यकात इतका रूढ होता, की त्या आशेस 'स्पेस थायसिका' असे स्वतंत्र नावच मिळाले होते. आधुनिक संशोधनाचा कल नेमका उलट आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर आढाव्यात नैराश्य व उपचारांची प्रतिकूल फलनिष्पत्ती, विशेषतः उपचार सुटणे आणि मृत्यू, यांचा संबंध आढळून आला. परंतु संबंध आढळला म्हणजे कारण सापडले असे होत नाही. या दोहोंतील अंतर प्रथम मोजले पाहिजे.

पहिला प्रश्न मापनाचा. अशा अभ्यासांत नऊ प्रश्नांची 'पीएचक्यू-९' ही प्रश्नावली पुष्कळदा वापरली जाते. प्रत्येक प्रश्नास शून्य ते तीन गुण असून एकूण गुण २७ होतात. १० वा त्याहून अधिक गुण हे सामान्यतः नैराश्याचे निदर्शक मानले जातात. यांपैकी तीन प्रश्न झोप, थकवा व भूक यांविषयी आहेत. खोकल्याने व रात्रीच्या घामाने ज्याची झोप मोडते, ज्याचे अन्न तुटले आहे आणि ज्यास चार पावले चालवत नाही, अशा रोग्यास या तीन प्रश्नांतच नऊ गुण मिळू शकतात. मग मनाच्या खिन्नतेचा एकच गुण त्यास मर्यादेपलीकडे नेण्यास पुरेसा होतो. अशा रोग्याचा पुढे मृत्यू झाला, तर त्यास नैराश्य कारण झाले की फुप्फुसांची मूळची विदीर्ण अवस्था, हे केवळ गुणसंख्येवरून ठरविता येत नाही.

दुसरा प्रश्न फलनिष्पत्तीच्या वर्गीकरणाचा. मृत्यू, उपचारांचे अपयश आणि सलग दोन महिने वा अधिक काळ उपचार खंडित होणे, या तिन्हींस 'प्रतिकूल' या एकाच सदराखाली घातले, की त्यांमागील भिन्न प्रक्रिया झाकल्या जातात. निराश मनुष्य औषध घेण्याचे सोडतो, हे सहज पटण्याजोगे आहे; मृत्यूच्या बाबतीत मात्र रोगाची तीव्रता, दारिद्र्य व मद्यपान यांचा हिशेब आधी करावा लागतो. शिवाय कारणाचा ओघ उलटही वाहू शकतो. औषधप्रतिकारक क्षयावर दिल्या जाणाऱ्या सायक्लोसेरीनमुळे नैराश्य व चित्तभ्रम उद्भवू शकतात. म्हणून मनःस्थिती उपचारारंभी मोजली की मध्यावर, ही नोंद गौण नव्हे.

या संदर्भात इप्रोनियाझिडचा इतिहास उद्बोधक आहे. १९५२ साली न्यूयॉर्कमधील स्टेटन आयलंड येथील सी व्ह्यू रुग्णालयात हे औषध क्षयरोग्यांस देण्यात आले, तेव्हा त्यांच्यात आश्चर्यकारक उत्साह दिसून आला. हा उत्साह रोग हटत असल्याचा आनंद होता, की औषधाचा मनावरील स्वतंत्र परिणाम? केवळ क्षयरोग्यांकडे पाहत राहिल्याने याचे उत्तर मिळाले नसते. १९५७ साली नेथन क्लाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षय नसलेल्या मनोरुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला, तेव्हा प्रश्नाची दोन अंगे वेगळी होऊ लागली. यकृतास होणाऱ्या अपायामुळे १९६१ साली अमेरिकेत हे औषध मागे घेण्यात आले. परंतु एकत्र दिसणाऱ्या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्यावाचून कारण कळत नाही, हा त्याचा धडा टिकून आहे.

तथापि या समीक्षेचा अर्थ नैराश्य उपेक्षणीय आहे असा करणे घातक ठरेल. ते औषधे सुटण्याचे कारण असो वा नसो, ते स्वतः दुःखकारक आहे आणि त्यावर उपचार आहेत. रोग्याच्या आत्मघाताच्या विचारांस 'क्षयात असे व्हायचेच' म्हणून सोडून देणे हा कोणत्याही संख्याशास्त्रीय प्रमादाहून मोठा प्रमाद होय. उलट, सहसंबंधालाच कारण मानले, तर उपचार फसल्याचा दोष रोग्याच्या खचलेल्या मनावर लादला जातो आणि त्याचे अन्न, बुडालेली मजुरी व दवाखान्याचे अंतर नजरेआड होते. नैराश्यावर उपचार केल्याने क्षयोपचार पूर्ण होण्याचे प्रमाण वाढते काय, याचा निर्णय यदृच्छ विभागणीच्या प्रयोगांनीच व्हावयाचा आहे. रोग्याचे दुःख हलके करण्यास मात्र त्या निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.