घर पाहावं चिकटवून

किट आणून बाहुलीघर उभारणाऱ्या मंडळींविषयी मला धास्तीयुक्त आदर आहे. खोक्यातून प्लायवूडचे तुकडे, कागदी फरशा आणि तांदळाएवढे दिवे निघतात. मग चिमट्यात खुर्ची आणि दातांत जीभ धरून माणूस आठ-आठ दिवस चिकटवत बसतो. फुटाला इंच, हे या जगाचं जुनं माप. किटवाले बहुधा त्याच्याही निम्म्यावर येतात.

या कलेचं शिखर म्हणजे इंग्लंडातल्या विंडसर राजवाड्यातलं राणी मेरीचं बाहुलीघर. १९२४ साली ते पुरं झालं. आखणी एडविन लुटियन्स यांची. म्हणजे आपलं ३४० खोल्यांचं राष्ट्रपती भवन ज्यांनी आखलं, तेच! नळाला पाणी, दिव्यांना वीज, तळघरात खऱ्या मद्याच्या चिमुकल्या बाटल्या. ग्रंथालयासाठी कॉनन डॉयलनं शेरलॉक होम्सची खास गोष्ट लिहून दिली. फक्त हे घर मुलांच्या खेळण्यासाठी कधी नव्हतंच.

माझी तक्रार इथेच आहे. कारागिरीत खोट नाही. पण उशीवर तेलाचा डाग नाही, दाराआड छत्री ठिबकत नाही. आपल्या भातुकलीला भिंती नसायच्या, पण पाहुणे असायचे, चुरमुऱ्यांचा भात असायचा आणि रुसवेफुगवेही. तिथे घर नव्हतं, संसार होता. इथे घर आहे, संसार नाही.

म्हणून किटवाल्यांना एक सुचवतो. शेवटचा दिवा लागला, की एक खुर्ची मुद्दाम तिरकी ठेवा. कुणीतरी आत्ताच उठून चहा टाकायला गेलंय, असं वाटेल.