सोडलेली पिल्ले आणि मोजलेली पिल्ले

सोनाळा हे बुलढाणा जिल्ह्यातले सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. तिथल्या मुलांपुढे मी वेळासच्या कासवांविषयी बोललो. लाटांकडे धावणारी पिल्ले चित्रात पाहून मुले हरखली. मग दहावीतल्या एका मुलीने विचारले, "सर, दरवर्षी इतकी पिल्लं सोडतात, मग कासवं वाढली का?" मला सरळ 'हो' म्हणता आले नाही. का, ते इथे मांडतो.

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. तोवर अंडी माणसे नेत, उरलेली कुत्री-कोल्हे उकरून खात. आता गावकरी पहाटे किनाऱ्यावर गस्त घालतात, अंडी कुंपणाच्या आत वाळूत पुरतात आणि पिल्ले निघाली की समुद्रात सोडतात. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे आले, घरोघरी चार पैसे आले. हे यश मोठे आहे. माझी टीका त्यावर नाही. यश मोजण्याच्या रीतीवर आहे.

बातम्यांत येतो तो सोडलेल्या पिल्लांचा आकडा. पण गस्तीचे किनारे वाढले की सापडणारी घरटीही वाढतात. म्हणजे आकडा फुगला तो कासवांमुळे की आपल्या पायपिटीमुळे, हे कळत नाही. किती किलोमीटर, किती रात्री गस्त घातली, किती अंडी पुरली आणि किती उबली, हे सोबत दिले तरच दोन वर्षांची तुलना करता येते.

दुसरा मुद्दा तापमानाचा. कासवाचे लिंग अंड्यात असताना वाळूच्या उष्णतेवर ठरते. साधारण २९-३० अंशांच्या वर माद्या अधिक, खाली नर अधिक. अंडी हलवली की ही उष्णता आपण ठरवू लागतो. पिल्लाकडे बाहेरून पाहून नर-मादी ओळखता येत नाही. तेव्हा घरट्याच्या खोलीवरील तापमानाची रोजची नोंद हवीच. आणि जिथे धोका कमी आहे, तिथे घरटे जागेवरच राखणे उत्तम.

तिसरा मुद्दा पाहुण्यांच्या सोयीचा. पिल्ले बहुधा रात्री वर येतात. पोटातल्या बलकाच्या शिदोरीवर ती पहिली पोहणी करतात. सोडण्याच्या ठरलेल्या वेळेसाठी त्यांना ताटकळत ठेवले, तर ती शिदोरी किनाऱ्यावरच खर्च होते.

नोंदीचे मोल केवढे, ते पाहा. मार्च २०२१ मध्ये ओडिशात एका मादीच्या वल्ह्यासारख्या पायाला ०३२३३ क्रमांकाची धातूची पट्टी लावली होती. जानेवारी २०२५ मध्ये तीच मादी गुहागरला अंडी घालताना दिसली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवे वेगळी, या समजुतीला एका पट्टीने धक्का दिला.

पिल्लू वयात यायला दहा-पंधरा वर्षे लागतात. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आज लिहिलेल्या वह्याच पुढे देतील. तशी वही सोनाळ्यातही सुरू होऊ शकते. शाळेच्या आवारात वाळूचे दोन खड्डे करा, एक उन्हात, एक सावलीत. पंचेचाळीस सेंटिमीटर खोलीवरचे तापमान महिनाभर टिपा. कोणत्या खड्ड्यातून माद्या अधिक निघाल्या असत्या, हे मुलेच सांगतील.