‘बिफोर टू डेज’

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या सकाळी आम्ही सारे मावशीकडे फराळाला जमलो होतो. मावसभावाची दोन्ही मुले इंग्रजी शाळेत जातात आणि आपसांत इंग्रजीच बोलतात. मावशी लाडवांचे ताट घेऊन बाहेर आली आणि नातवंडांची मर्जी राखावी म्हणून की काय, म्हणाली, “टेक, टेक. वन वन लाडू टेक.” मुले हातातली चकली टाकून हसू लागली. त्यांचे सोडा, ती लहान आहेत. सगळ्यांत मोठ्याने हसलो तो मी.

“हस, तू मास्तर माणूस,” मावशी म्हणाली. “पण एकेक लाडू घ्या, हे तुझ्या इंग्रजीत कसं म्हणतात ते तरी सांग.”

“टेक वन लाडू ईच.”

“म्हणजे दुसऱ्या ‘वन’च्या जागी ‘ईच’. एवढंच ना?”

एवढेच. पण या एवढ्याशा फरकावर माझी गेली वीस वर्षे भाकरी चालली आहे.

दिवाळी अंकात टीकालेख लिहायचा तो कुणाच्या तरी कवितेवर किंवा कादंबरीवर, असा शिरस्ता आहे. मी या खेपेस निवडलेले वाङ्मय कुणी छापत नाही. आपण मराठी माणसे रोजच्या बोलण्यात इंग्रजी व्याकरणाच्या ज्या चुका करतो, त्यांच्यावर मला लिहायचे आहे. अधिकार म्हणाल तर फारसा नाही. मी मॅट्रिक झालेला मास्तर, म्हणजे आजच्या भाषेत दहावी पास. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या मुलांना इंग्रजी शिकवू लागले. आमच्या पिढीची ए-बी-सी-डीशी गाठ पडली ती पाचवीत. त्यामुळे ज्या चुका मी आज खोडतो त्यांतली प्रत्येक मी स्वतः केलेली आहे, आणि एखादी अजून करत असेन.

माझ्या टेबलावर ‘रेन अँड मार्टिन’चे जाडजूड व्याकरण कायम असते. त्यातल्या रेनसाहेबांविषयी मला जरा जवळीक वाटते. हा गृहस्थ विसाव्या शतकाच्या आरंभी इकडच्या शिक्षणखात्यात नोकरीला होता, कराचीच्या शाळेचा मुख्याध्यापक होता. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. पुढे १९२४ साली त्याची ‘बो जेस्ट’ ही फ्रेंच परदेशी पलटणीवरची कादंबरी निघाली, ती तुफान खपली, तिच्यावर चित्रपट आले. म्हणजे मास्तरकी आणि कादंबरी हा जोडधंदा मीच काही पहिल्याने काढलेला नाही. आज आपल्याकडे त्याची कादंबरी कुणी वाचत नाही. व्याकरण मात्र पिढ्यान् पिढ्या चालले आहे. माझ्या कादंबऱ्यांचे काय होईल याचा अंदाज मला आहे.

तर या जाड पुस्तकाच्या आधारे मी वर्षानुवर्षे चुका खोडत आलो. एक दिवस सहज म्हणून मुलांच्या चुका वहीत उतरवून काढल्या आणि शेजारी त्यांचे मराठी लिहिले. तेव्हा ध्यानात आले, की चूक कुठेच नव्हती. होती ती सारी चोख मराठी वाक्ये होती. नुसता अंगरखा इंग्रजी होता.

‘आय ऍम नॉट अंडरस्टँडिंग’ हे घ्या. इंग्रजांच्या कानाला हे टोचते, कारण त्यांच्या मते समजणे ही चालू असण्यासारखी क्रिया नव्हे. पण आपण काय म्हणतो? ‘मला समजत नाही.’ त्यातला ‘समजत’ हा ‘जात’, ‘येत’, ‘करत’ यांचा सख्खा भाऊ. शिवाय आपल्या भाषेची एक गंमत आहे. ‘मी जातो’ आणि ‘मी जात आहे’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. परंतु नकार आला की दोघांचे बहुधा एकच होते, ‘मी जात नाही’. (बोलीतले ‘नाहीये’ तेवढे सोडा.) मी रोज जात नाही आणि मी आत्ता जात नाही, यांत क्रियापदाचे रूप काही फरक करत नाही. मग ज्याच्या घरात हे दार मुळात एकच, त्याने परक्या घरी गेल्यावर दोन दारे कशी ओळखावीत? शिकवल्याशिवाय ओळखणार नाही. शिकवावे लागते एवढेच. हसावे लागत नाही.

‘आय ऍम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स’ हे तसेच. ‘सोमवारपासून’ आणि ‘दहा वर्षांपासून’ या दोहोंना आपला एकच ‘पासून’ पुरतो. इंग्रज एकाला ‘सिन्स’ म्हणतो, दुसऱ्याला ‘फॉर’, आणि वर काळही बदलायला लावतो. आपल्याकडे माणूस दहा वर्षांपासून राहत आला, अजून राहतो आहे, भाडे भरतो आहे. त्याला भूतकाळात ढकलायचे काय कारण? ‘ही इज अँग्री ऑन मी’ यात तो माझ्या‘वर’ रागावला आहे. ‘शी इज मॅरीड विथ हिम’ यात तिचे त्याच्या‘शी’ लग्न झाले आहे. ‘डिस्कस अबाउट’मध्ये आपण त्या‘विषयी’ चर्चा केली आहे. आणि ‘कझिन ब्रदर’! चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ असा चार घरांचा गोतावळा ज्याने एका ‘कझिन’मध्ये कोंबला, त्याने निदान ‘ब्रदर’ जोडू द्यायला काय हरकत होती?

सर्वांत मला प्रिय आहे तो ‘ओन्ली’. ‘आय ऍम फ्रॉम सातारा ओन्ली.’ ‘आय केम टुडे ओन्ली.’ हा आपला ‘च’. मी साताऱ्याचाच. आजच आलो. इंग्रजाला जोर द्यायचा तर तो आवाज चढवतो. आपण शब्दाच्या शेपटीला एक अक्षर लावतो आणि काम होते. हे अक्षर घरी ठेवून परक्या भाषेत जायला आपले मन घेत नाही. मी हा ‘ओन्ली’ खोडतो खरा, पण दर वेळी हात जरा अडखळतो.

‘यू आर कमिंग, इजन्ट इट?’ हे वाक्य आपल्या ‘येणार ना?’मधून आले आहे. आपला ‘ना’ तूला, तिला, त्यांना, काल, आज, उद्या सर्वांना चालतो. इंग्रजीत दर वाक्याला नवे शेपूट मापून शिवावे लागते. आणि ‘वोन्ट यू हॅव टी?’ याला आपला पाहुणा ‘येस’ म्हणतो तेव्हा त्याला चहा नको असतो, हे किती साहेबांना कळले असेल? ‘चहा नको ना?’ ‘हो, नको.’ आपण विचारणाऱ्याच्या म्हणण्याला होकार देतो.

‘अ’ आणि ‘द’ यांची कथा मात्र निराळी. आपल्याकडे ही उपपदे नाहीत, म्हणून मराठी माणूस ती हवी तिथे गाळतो आणि नको तिथे घालतो, असे व्याकरणाचे मास्तर सांगतात. मीही सांगत असे. एकदा वर्गात ‘अ गर्ल’ आणि ‘द गर्ल’ यांतला भेद काही केल्या मुलांना कळेना. तेव्हा मी फळ्यावर दोन मराठी वाक्ये लिहिली: ‘ते मुलगी पाहायला गेले’ आणि ‘ते मुलीला पाहायला गेले.’ मुली आधी हसल्या. पहिल्या वाक्यात पोहे आहेत, दुसऱ्यात बहुधा दवाखाना आहे. पहिलीत मुलगी कोणतीही, अजून ठरायची. दुसरीत ठरलेली, ओळखीची. जे काम ‘द’ करतो, तेच इथे आपला ‘ला’ करतो आहे. वस्तू घरात होती, नाव ठाऊक नव्हते. त्या दिवसानंतर निदान त्या वर्गात ‘द’च्या चुका पुष्कळच कमी झाल्या.

यावर कुणी म्हणेल, की मास्तर चुकांची वकिली करू लागले. तसे नाही. ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ चुकला तर मुलाखतीत नोकरी जाते, हे मी जाणतो. भाषा ज्याची, नियम त्याचा. मात्र ते नियम आकाशातून पडलेले नाहीत, हेही मुलांना सांगावे असे मला वाटते. रॉबर्ट लोथ नावाच्या पाद्र्याने १७६२ साली इंग्रजीचे एक छोटे व्याकरण लिहिले आणि शेक्सपिअर, मिल्टन अशा थोरांच्याही चुका काढल्या. वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय येणे त्याला तितकेसे शोभिवंत वाटत नव्हते. आणि ते ज्या वाक्यात त्याने सांगितले, त्याच्याच शेवटी शब्दयोगी अव्यय येऊन बसले आहे! थट्टेने की अनवधानाने, ते त्याचे त्याला ठाऊक. आणि आपण ‘पोस्टपोन’वरून बेतलेला ‘प्रीपोन’ आज इंग्रजांच्या कोशात सन्मानाने बसला आहेच.

आता वाङ्मयाकडे वळतो, कारण खरी तक्रार तिथली आहे आणि ती माझ्या स्वतःविरुद्ध आहे.

शॉच्या ‘पिग्मॅलिअन’मध्ये, म्हणजे १९१३ साली प्रथम रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकात, फुलवाल्या एलायझाला प्रोफेसर उच्चार शिकवतो आणि थोरामोठ्यांच्या बैठकीत नेऊन बसवतो. तिचे उच्चार राणीला लाजवतील असे; पण मावशीच्या मरणाची हकीकत सांगताना व्याकरण मात्र तिच्या गल्लीतले. शॉचे मर्म मला इथे दिसते. उच्चार जिभेवर असतो, तो घासून बदलतो. वाक्याची घडण माणूस घरून घेऊन येतो. पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली हे नाटक ‘ती फुलराणी’ म्हणून मराठीत आणले, तेव्हा प्रश्न शुद्ध-अशुद्ध मराठीचा झाला आणि आपल्याला तो अधिकच झोंबला. तिथे हसणे आहे, पण हसणाऱ्या प्रोफेसरालाही नाटककार सोडत नाही.

निसिम इझिकेल यांच्या १९७६ सालच्या ‘हिम्स इन डार्कनेस’ या संग्रहातली मिस पुष्पांच्या निरोपसमारंभाची कविता मला म्हणूनच अर्धीच पटते. कचेरीतला कुणी गृहस्थ परदेशी निघालेल्या बाईंना निरोप देतो आहे आणि त्याचे प्रत्येक क्रियापद चालू वर्तमानकाळात धावते आहे. कान किती अचूक! इझिकेल मुंबईचे, बेने इस्राएल समाजातले. मराठी त्या समाजाच्या घरची. त्यांनी हे बोलणे बाहेरून ऐकलेले नाही. तो वक्ता मध्येच भरकटून सुरतेला जातो, काकांच्या मित्राच्या घरचा स्वयंपाक आठवतो. तेवढ्या जागी तो मला माणूस वाटतो. बाकी कवितेत तो क्रियापदांचा खेळणारा बाहुला आहे, आणि त्याच्या निरोपात काही खरे दुःख होते का, हे विचारायला कवी थांबत नाही.

हे लिहायला मला फारसा हक्क नाही. माझ्या पहिल्या कादंबरीत गणू नावाचा शिपाई आहे. साहेबांना भेटायला कुणी आले की तो सांगतो, ‘साहेब इज नॉट ऑन प्लेस.’ जागेवर नाहीत, दुसरे काय! पुढचा सबंध परिच्छेद कचेरीतले कारकून कसे पोट धरून हसतात, याला दिला आहे. पत्रे आली ती बहुतेक त्याच पानाबद्दल. मी खूष होतो.

त्यानंतर दोन वर्षांनी आठवीतल्या एका मुलाने रजेचा अर्ज आणून दिला. अर्ज इंग्रजीतच लिहायचा, हा माझाच दंडक. त्याने लिहिले होते: ‘माय ग्रँडमदर इज एक्स्पायर्ड बिफोर टू डेज, सो आय कुड नॉट एबल टू कम यस्टर्डे.’ मी लाल पेन काढले. ‘इज’ खोडला. ‘बिफोर’ला वर्तुळ करून वर ‘अगो’ लिहिले. ‘दोन दिवसांपूर्वी’चे हे शब्दशः रूप किती मुले लिहितात म्हणून सांगू! ‘एबल’ खोडला. खाली ‘पुन्हा लिहून आण’ असा शेरा मारला आणि पुढची वही घेतली.

दुसऱ्या दिवशी त्याने नीट, सुवाच्य अक्षरात अर्ज आणला. ‘माय ग्रँडमदर एक्स्पायर्ड थ्री डेज अगो.’ ‘थ्री’ पाहून मी पेन टेकवलेदेखील. दोनाचे तीन कसे झाले? मग मोजले. खाली ‘यस्टर्डे’चे ‘द डे बिफोर यस्टर्डे’ झाले होते. ‘बिफोर’ तिथे अगदी जागच्या जागी होता. अर्जात एकही चूक नव्हती. मुलगा टेबलापाशी उभा होता, मी आणखी काय खोडतो याची वाट पाहत. मी सही केली. दुसरे काही सुचले नाही.

त्याच वर्षी कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली. मुद्रिते तपासताना गणूचे पान समोर घेऊन बराच वेळ बसलो. ‘ऑन प्लेस’ तसेच ठेवले; गणू तसेच बोलेल. कारकून हसतात तो परिच्छेद मात्र काढून टाकला. प्रकाशकांनी कळवले, की त्यामुळे प्रकरणाचे शेवटचे पान अर्धे कोरे पडते आहे, काही भर घालता का. मी पडू द्या म्हणून कळवले.