कर्ता कोण? — मालिकांतील स्त्रिया आणि प्रेक्षकांची भाषा

वाक्यातील कर्ता कोण, हा प्रश्न व्याकरणात निरुपद्रवी वाटतो. लोकांच्या न्यायनिवाड्यात मात्र तोच पुष्कळदा निर्णायक ठरतो. दूरचित्रवाणीवरील कौटुंबिक मालिकांविषयी घरोघरी जे बोलले जाते, त्याची वाक्यरचना तपासली असता याचा प्रत्यय येतो.

झी मराठी वाहिनीवर २०१६ ते २०२१ या काळात ‘माझ्या नवऱ्याची बायको’ ही मालिका चालली. तीत गुरुनाथ हा विवाहित पुरुष पत्नी राधिका हिला फसवून शनायाशी संबंध ठेवतो. वचनभंग गुरुनाथाचा, परंतु अशा प्रसंगी रूढ असलेल्या बोलण्यात त्याचा ‘पाय घसरतो’, तो ‘नादी लागतो’. शनाया मात्र त्याला ‘नादी लावते’, राधिकेचे ‘घर फोडते’. घटना एकच असता पुरुषाच्या वाट्यास अकर्मक क्रियापद येते आणि स्त्रीच्या वाट्यास सकर्मक. त्याचा दोष हा अपघात, तिचा दोष हा उद्योग! मालिकेच्या नावातही नवरा षष्ठीच्या आडोशाला सुखरूप उभा आहे.

गुरुनाथालाही प्रेक्षकांनी शिव्याशाप दिलेच, असा आक्षेप येथे घेता येईल. तो खरा आहे. परंतु ते शाप एका व्यक्तीला होते. शनायाकरिता भाषेत ‘सवत’ ही जातच तयार होती. या शब्दाला पुल्लिंगी जोड रूढ नाही, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

स्टार प्रवाहवरील ‘आई कुठे काय करते’ (२०१९–२०२४) या मालिकेत प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. येथे शीर्षकच गृहिणीचे कर्तृत्व नाकारणाऱ्या घरगुती उद्गाराचे आहे. अरुंधतीला सोडून अनिरुद्ध संजनाशी विवाह करतो. पुढे अरुंधती आशुतोषशी विवाह करते. दोन्ही विवाह दुसरेच, दोन्ही प्रौढ वयातले. तथापि ‘मुले मोठी झाल्यावर हे शोभते काय?’ हा प्रश्न अरुंधतीच्या वेळी विशेषेकरून विचारला गेला. कष्टांत जिला कर्तेपण नव्हते, तिला ते निवड करताच, आणि तेही आरोपी म्हणून, प्राप्त झाले.

कोथरूडात महर्षी कर्व्यांचा पुतळा आहे. त्याच्या आसपासच्या घरांतूनही या मालिका पाहिल्या गेल्या असतील. विधुर झालेल्या कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकले. विधुराने कुमारिकेशी दुसरे लग्न केले असते तर कोणी हरकत घेतली नसती. वधू पुनर्विवाहित होती, हाच अपराध. आज अशा विवाहासाठी वाळीत टाकणे पुष्कळ कमी झाले. पण मापे दोन राहिली आहेत. ती स्त्री-प्रेक्षकांच्या तोंडीही आढळतात, कारण भाषा सर्वांना सारखीच वारशाने मिळते.

‘गुरुनाथाने घर फोडले’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या सर्वथैव शुद्ध आहे. ते सहजपणे उच्चारले जाऊ लागेल, तेव्हाच प्रेक्षकांचा निवाडा न्याय्य म्हणता येईल.